शरदातील सायकलभ्रमण : बलार्धाची मर्यादा

माहूरहून किनवटमार्गे सहस्रकुंडापर्यंत पैनगंगेच्या खोऱ्यातून दोन-तीन दिवसांचे सायकलभ्रमण आखता येते. मात्र शरद हा पित्तप्रकोपाचा काळ होय. वाग्भटाचार्यांनी बलार्ध व्यायाम शीतकाल व वसंतासाठीच सांगितला. अन्य ऋतूंत त्याहूनही मंद. मुखाने श्वास घ्यावा लागणे, हे सुश्रुतोक्त बलार्धलक्षण. माहूरच्या चढावर ते जाणवताच सायकलवरून उतरून पायी चालावे. पहाटे निघून ऊन तापण्यापूर्वी मुक्काम गाठावा. दही, तळलेले पदार्थ व दिवास्वाप वर्ज्य. मूग, पडवळ, आवळा पथ्यकर. अम्लपित्त वा रक्तपित्ताच्या रुग्णास वैद्यांनी हेमंतापर्यंत थांबण्यास सांगावे. औषधविक्रेत्यांनीही बल्य कल्प हाती देण्यापूर्वी ही मर्यादा समजावून द्यावी; शक्ती वाढविण्याइतकेच ती राखणेही चिकित्सेचे अंग आहे.