दुर्मिळ मृदेची भुकटी : रूप बदलले की धोकाही बदलतो

छत्तीसगडच्या कोरबा जिल्ह्यातील कटघोरा येथील लिथियम आणि दुर्मिळ मृदा खनिजांच्या क्षेत्राचा लिलाव २०२४ मध्ये झाला. मात्र या मूलद्रव्यांची संयुगे त्याच्या कितीतरी आधीपासून याच राज्यातील भिलाई, दुर्ग आणि रायपूर परिसरातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वापरली जात आहेत. दिव्यांसाठी उपयुक्त असे प्रकाश देणारे पदार्थ, म्हणजेच फॉस्फर, तयार करण्याचे संशोधन तेथे चालते. दिसायला चुन्यासारखी असणारी ही भुकटी कशी हाताळावी, हा प्रश्न विद्यार्थी आणि प्रयोगशाळा साहाय्यकांच्या आरोग्याशी निगडित आहे.

दुर्मिळ मृदा अर्थात 'रेअर अर्थ' गटात १७ मूलद्रव्ये आहेत. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५ आणि त्यांच्या जोडीला स्कँडियम व इट्रियम. त्यांची ऑक्साइडे तीव्र विषारी नसल्याने ती पूर्णपणे निर्धोक आहेत, असा समज होतो. प्रत्यक्षात धोका केवळ मूलद्रव्याच्या नावावर नव्हे, तर ते कोणत्या रूपात आहे यावर अवलंबून असतो.

ऑक्साइड आणि नायट्रेट

भिलाई पोलाद कारखान्याला नंदिनीच्या खाणींतून चुनखडी मिळते. चुनखडी भाजून तयार होणाऱ्या कळीच्या चुन्यावर पाणी पडताच तो तापतो, हे सर्वपरिचित आहे. लँथॅनम ऑक्साइडचे वर्तनही असेच असते. ते हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि पाण्याशी संयोग होताना उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे त्याची बाटली घट्ट बंद ठेवणे आवश्यक असते. ओल्या त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास या भुकटीने दाह होतो.

फॉस्फर बनवण्याच्या ज्वलन पद्धतीत ऑक्साइड नायट्रिक आम्लात विरघळवून त्याचे नायट्रेट केले जाते. नंतर त्यात युरियासारखे इंधन मिसळून मिश्रण तापलेल्या भट्टीत ठेवतात. येथे धोक्याचे स्वरूप पूर्णपणे बदलते. नायट्रेट स्वतः जळत नाही, पण ते ज्वलनाला ऑक्सिजन पुरवते. कागद, लाकडाचा भुसा किंवा अल्कोहोल यांच्याजवळ ते ठेवू नये. मिश्रण भट्टीत क्षणार्धात पेट घेते आणि विषारी वायू बाहेर पडतात. म्हणून हे काम वायू खेचून घेणाऱ्या बंदिस्त कपाटातच, थोड्या प्रमाणात करावे.

फुप्फुसांवरील परिणाम

शेवटी तयार झालेला पदार्थ खलात घोटला जातो. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याच टप्प्याकडे. श्वासावाटे आत गेलेले अतिसूक्ष्म, न विरघळणारे कण फुप्फुसांत वर्षानुवर्षे राहू शकतात. पूर्वी चित्रपटगृहांतील प्रक्षेपकांत आणि छपाईसाठीच्या छायाचित्रणात कार्बन आर्क दिवे वापरले जात. त्यांच्या कांड्यांमध्ये सिरियमची संयुगे असत. या दिव्यांजवळ दीर्घकाळ काम केलेल्या काही जणांच्या फुप्फुसांत दुर्मिळ मृदेचे कण साचून विकार झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. काहींमध्ये हे कण काम सोडल्यानंतर अनेक वर्षांनीही आढळले.

घ्यावयाची काळजी

भुकटीचे वजन करताना आणि ती घोटताना पंखा बंद ठेवावा. साध्या कापडी रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी किमान एन-९५ दर्जाचा मुखपट्टा, चष्मा आणि हातमोजे वापरावेत. सांडलेले ऑक्साइड झाडूने झाडू नये किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ते आधी अलगद कोरडे उचलून उरलेला थर ओल्या फडक्याने टिपावा. डोळ्यांत कण गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुऊन डॉक्टरांकडे जावे. टाकाऊ द्रावण मोरीत ओतू नये.

धातुरूपातील भुकटीला मात्र हे नियम लागू पडत नाहीत. ती पेट घेऊ शकते आणि पाणी मारल्यास हायड्रोजन वायू तयार होऊन आग वाढते. अशा वेळी कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीची खास भुकटी वापरावी लागते.

म्हणूनच बाटलीवर केवळ 'सिरियम' किंवा 'लँथॅनम' असे लिहिणे पुरेसे नाही. ऑक्साइड, नायट्रेट की धातू, हे स्पष्टपणे लिहिलेले असावे. आग लागल्यास पाणी घ्यावे की वाळू, हे त्या एका शब्दावरूनच ठरते.