८३ पट झूम, पण कितपत कामाचा?

निकॉनचा कूलपिक्स पी९०० हा कॅमेरा आला २०१५ मध्ये. त्याची भिंगं फुल-फ्रेमच्या हिशेबात २४ ते २००० मिलिमीटरच्या तोडीची. २००० भागिले २४, म्हणून ८३ पट. हा आकडा दोन टोकांमधलं गुणोत्तर तेवढं सांगतो. लांबचं किती जवळ येईल ते २००० वर ठरतं आणि देवळाचं आवार किंवा घरातला गोतावळा एका फोटोत मावेल का, ते २४ वर. प्रवासात हा दुसरा आकडाच जास्त वेळा कामी येतो.

खरी मेख सेन्सरमध्ये आहे. तो जेमतेम ६.२ × ४.६ मिलिमीटरचा. म्हणून तर एवढा झूम सुमारे ९०० ग्रॅममध्ये बसतो! पण पूर्ण झूमवर अ‍ॅपर्चर एफ/६.५ पर्यंत आकसतं, उजेड उतरला की आयएसओ चढतो आणि पिसांचे बारकावे पुसट होतात. भिगवणच्या पाणथळीत सकाळच्या उन्हात रोहित पक्षी छान येतील. दुपारी पाण्यावरची तापलेली हवा थरथरू लागली की महागडं भिंगही हात टेकतं.

पी९०० रॉ फाइल देत नाही, २०२० चा पी९५० देतो. २०१८ चा पी१००० थेट ३००० मिलिमीटरपर्यंत जातो, पण वजन १.४ किलो. रोज पिशवीत टाकायला तो नकोच.

घेण्याआधी दुकानात डिजिटल झूम बंद करा, पूर्ण झूमवर रस्त्यापलीकडची पाटी टिपा आणि फोटो मोठा करून अक्षरं वाचता येतात का बघा.