शटरची मोटर भिंत सोडते तेव्हा

सकाळी दुकान उघडताना उंबरठ्याच्या एका कोपऱ्यात चिमूटभर चुना किंवा विटेचा भुगा पडलेला दिसतो. नोकर झाडून टाकतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. ज्या वाचकांच्या दुकानाला मोटरचे शटर आहे त्यांना आमची विनंती आहे की, भुगा झाडण्याआधी एकदा मान वर करून पाहावे. मोटर ज्या लोखंडी पट्टीवर बसवली आहे ती पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, भिंतीपासून सुटू लागला असण्याची शक्यता बरीच असते.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या बाजारात हा त्रास जास्त का, याचे कारण भिंतीत आहे. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी, जुना बाजार या भागांत बऱ्याच दुकानांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या, काळ्या दगडाच्या किंवा जुन्या विटेच्या. काही ठिकाणी पुढचा भाग नंतर साडेचार इंची विटेने उभा केलेला. या भिंती हाताने ओढायच्या शटरसाठी पुरत होत्या. हाताच्या शटरमध्ये पाइपावर स्प्रिंगा असतात आणि शटरचे बरेचसे ओझे त्याच तोलून धरतात. साइड मोटर बसवताना बहुतेक वेळा स्प्रिंगा काढून टाकतात. दहा फूट रुंद, नऊ फूट उंच आणि अठरा गेजच्या पत्त्यांचे शटर शंभर ते सव्वाशे किलोचे भरते. ते सगळे पाइपावर लटकते आणि मोटरच्या बाजूच्या ब्रॅकेटला वर मोटरचे वजन आणि चेनची ओढही सोसावी लागते. दिवसातून चार वेळा शटर वर-खाली झाले की आठ झटके, सुरू होताना एक आणि थांबताना एक.

याहून मोठे झटके आपण स्वतः देतो. खालचे कुलूप लावलेले असताना खिशातला रिमोट दाबला गेला की शटर जमिनीला धरलेले आणि मोटर ओढते आहे, अशी कुस्ती होते. त्यात हरते ती भिंत. लिमिट स्विच नीट लावलेला नसेल तर वर जाताना खालची पट्टी बीमवर आदळते, तिथेही तेच.

गेल्या वर्षी ईदच्या आधीच्या गर्दीत एका कापड दुकानदाराकडे आम्ही हा प्रकार पाहिला. रात्री एकच्या पुढे दुकान बंद करायचे आणि शटर अर्ध्यावर तिरके अडकलेले. मालक, दोन नोकर आणि शेजारचे तिघे शटराखाली उभे राहून ते खांद्याने उचलत होते. वर ब्रॅकेटचे चारांपैकी दोन बोल्ट निम्मे बाहेर आलेले. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. शेवटी मालकाने दुकानातच रात्र काढली. दुसऱ्या दिवशी मोटरवाला म्हणाला भिंत कच्ची, गवंडी म्हणाला मोटर जड, आणि ज्या वेल्डरने ब्रॅकेट केला तो म्हणाला मला जागा दाखवली तिथे मी लावला. तिघांचेही थोडे थोडे खरे होते.

आता दुरुस्तीचे. पहिली चूक म्हणजे त्याच भोकात जाड फास्टनर ठोकणे. फास्टनर आत फुगून भिंतीला धरतो. काँक्रीटमध्ये ते चालते, पण चुन्याच्या सांध्यात किंवा भुसभुशीत विटेत तो जितका फुगेल तितकी वीट फुटते. कसल्याने तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात पुन्हा ढिला होतो. लाकडी गुल्लीचे तर नावच नको.

भिंत आपलीच असेल तर आरपार बोल्ट आणि मागच्या बाजूला सहा मिलिमीटरची रुंद पट्टी हा सरळ उपाय. ओढ मग चार भोकांऐवजी हातभर भिंतीवर पसरते. भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल तर आधी त्याला विचारावे. नाही म्हणाला तर केमिकल अँकर, तोही जाळीच्या नळीसह. यात भोक ब्रशने घासून आणि फुंकून साफ करणे हेच निम्मे काम आहे. भुग्यावर ओतलेला मसाला भुग्यालाच चिकटतो. ट्यूबवर लिहिलेला वेळ होईपर्यंत ओझे देऊ नये, गिऱ्हाईक कितीही घाई करो. आमच्या मते जुन्या बाजारात सर्वांत खात्रीचा उपाय तिसरा आहे: फरशीपासून वरपर्यंत लोखंडी चॅनल उभा करून ब्रॅकेट त्याला जोडणे. वजन जमिनीवर जाते, भिंतीने फक्त चॅनल उभा धरायचा.

कधी कधी भिंत ठणठणीत असते आणि सुटलेली असते ती पाइपाला शटर जोडणारी वरची पत्ती. स्क्रूभोवती पत्रा फाटतो. तिथे मोठा स्क्रू नको, पत्र्यामागे तीन मिलिमीटरची पट्टी घालून अनेक ठिकाणी बोल्ट हवेत. अमेरिकेत गॅरेजच्या मोटरच्या दारालाही हेच दुखणे असते. मोटरचा दांडा पातळ पत्र्याला जोडलेल्या जागी पत्रा फाटतो, आणि तिथेही इलाज दाराच्या पूर्ण रुंदीची लोखंडी पट्टी हाच. त्या देशात 1993 पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेज मोटरना आणखी एक अट आहे. दाराखाली कुणी आले तर ते ओळखून दार उलटे फिरवणारी सोय असलीच पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच शटरांना अशी सोय नसते. म्हणून शटर खाली येईपर्यंत बटण दाबणाऱ्याने नजर हलवू नये.

कारागिरांना काही गोष्टी सांगायला हव्यात, जुने उस्ताद त्या जाणतात. काम सुरू करण्याआधी शटर पूर्ण खाली घ्यावे. अडकले असेल तर आधी दोन्ही बाजूंना टेकू द्यावेत. वेल्डिंगपूर्वी मोटर आणि रिमोटच्या पेटीची वायर सोडवावी आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, नाहीतर करंट पेटीतून जाऊन ती जळते. जस्ताचा थर घासून काढावा, त्याच्या धुराने ताप भरतो. जुन्या शटरमध्ये स्प्रिंगा असतील तर त्यांतला ताण सोडल्याशिवाय पाइपाच्या बोल्टला हात लावू नये.

आणि हिशेबाचे. शटरचा भाव चौरस फुटावर ठरतो, मोटरचा वेगळा. भिंत मजबूत करण्याचे काम या दोन्हींत बसत नाही, म्हणून ते कुणीच करत नाही आणि पुढे फुकट चकरा कारागिराच्या माथी येतात. बिलात त्याची वेगळी ओळ लिहावी. मालक नको म्हणाला तर भिंतीचा फोटो काढून ठेवावा आणि बिलावर तसे नमूद करावे. भाव कमी दाखवायला ही ओळ गाळणारे आम्ही पाहिले आहेत, तिसऱ्या चकरेनंतर त्यांना मजुरी उरत नाही.

दुकानदारासाठी एक सोपी तपासणी. शिडीवर चढून ब्रॅकेटच्या कडेने भिंतीवर पेन्सिलने रेघ मारावी आणि शेजारी तारीख लिहावी. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे. रेघ आणि पट्टीत नखभर जरी फरक पडला असेल तर शटर खाली घेऊन मोटरची वीज बंद करावी आणि त्याच दिवशी कारागिराला बोलवावे.