टाचणीवरच्या फुलपाखरांचे पंख कॉम्प्युटर कसे मोजतो?

फुलपाखरू मारून टाचणीला लावायचं, हा प्रकार मला कधीच आवडला नाही. पण लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने आपल्या ब्रिटिश फुलपाखरांच्या संग्रहाचे फोटो काढले आणि ते १,८०,००० हून जास्त नमुने एका सॉफ्टवेअरने मोजले, हे वाचलं तेव्हा माझं मत जरा बदललं. सॉफ्टवेअरचं नाव मोथ्रा. (जपानी सिनेमातल्या महाकाय पतंगाचंही हेच नाव!)

आधी नमुना कसा बनतो ते बघा. मेलेलं फुलपाखरू वाळून कडक झालं असेल तर ओलसर डब्यात ठेवून मऊ करतात. मग छातीतून टाचणी घालून मधे खाच असलेल्या फळीवर पंख पसरवतात आणि कागदाच्या पट्ट्यांनी दाबून काही दिवस वाळू देतात. पुढच्या पंखांची मागची कड शरीराशी साधारण काटकोनात हवी, ही रीत ठरलेली. आपल्या भाषेत सांगायचं तर शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी नकळत एक पक्का डेटा फॉरमॅट ठरवून टाकला. कुठलाही फोटो घ्या, पोज जवळपास तीच.

त्याच टाचणीवर, फुलपाखराच्या खाली, एक चिमुकलं लेबल असतं: कुठे, कधी, कोणी पकडलं. फोटोसाठी ते हलक्या हाताने काढून बाजूला ठेवतात, सोबत मोजपट्टी. हे लेबल हरवलं तर उरते नुसती शोभेची वस्तू. आणि तारीख '५-६-९२' अशी असेल तर? जून की मे, १८९२ की १९९२? ज्याने कधी डेटा साफ केलाय त्याला हे दुखणं माहीत आहे.

मोथ्रा आधी फोटोतलं फुलपाखरू, लेबल आणि मोजपट्टी वेगळी ओळखतं. पट्टीवरच्या रेघा सारख्या अंतरावर असतात, त्यावरून एका मिलिमीटरमध्ये किती पिक्सेल ते कळतं. मग पंखाचं मूळ आणि टोक शोधायचं, की लांबी मिळाली. नर की मादी, हेही ते ओळखतं.

ही मापं जुन्या तापमानाच्या नोंदींशी जोडली. प्रयोगशाळेत उष्णतेत वाढलेले कीटक बहुतेकदा लहान राहतात. इथे मात्र जास्त वेळा उलटं दिसलं: अळीच्या शेवटच्या टप्प्यात महिना उबदार असेल तर फुलपाखरू मोठं.

एक अडचण आहेच. संग्राहक हौशी होते, वेगळं दिसेल ते आधी उचलायचे. त्यामुळे कुठे किती फुलपाखरं होती, हे नमुने मोजून सांगता येत नाही.

हे वाचून घरी टाचण्या काढू नका; आपल्याकडे अनेक जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मोबाइलने फोटो काढा, तारीख आणि ठिकाण आपोआप नोंदलं जातं. फक्त त्यावरून पंखाची लांबी मिळणं अवघड, कारण शेजारी मोजपट्टी ठेवेपर्यंत फुलपाखरू थांबत नाही.