परदेशातला डिजिटल अंगठा

दुबई, अबुधाबी, शारजाला कामाला गेलेल्या आपल्या माणसांच्या घरी हे जरूर कळवावे. तिथे २०१८ साली ‘यूएई पास’ हे सरकारी डिजिटल ओळखखाते सुरू झाले. तिथे राहणारा परदेशी कामगारही ते उघडू शकतो. त्यासाठी एमिरेट्स आयडी व मोबाईल नंबर लागतो, चेहऱ्याची पडताळणी होते. या खात्यावर सरकारी कामे होतात आणि कागदपत्रांवर कायदेशीर सहीसुद्धा होते. म्हणूनच ते जपायचे! आपण काही केले नसताना मोबाईलवर मंजुरी मागितली गेली, तर सरळ नाकारावी. पिन वा पासवर्ड मुकादमाला, एजंटाला, खोलीतल्या सोबत्यालाही सांगू नये. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवून कित्येकांच्या जमिनी गेल्या. न वाचता दाबलेले बटण म्हणजे तोच अंगठा.