बंडलर ‘नाही’ म्हणतो तेव्हा



रूबीत वेबसाइट बनवणाऱ्या, किंवा दुसऱ्यानं बनवून ठेवलेली सांभाळणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येते. एखादी नवी लायब्ररी जोडायची असते. ‘बंडल इन्स्टॉल’ कमांड दिली जाते आणि पडद्यावर दहा-बारा ओळींचा मजकूर येतो. त्याचं सार एकच असतं: व्हर्जन्स जुळत नाहीत. बहुतेक जण तो मजकूर वाचतच नाहीत. कुणी इंटरनेटवर सापडलेली पहिली कमांड चिकटवतं, कुणी ‘जेमफाइल डॉट लॉक’ ही फाइलच उडवून टाकतं.

आज आपण तो मजकूर वाचायला शिकणार आहोत. माझं म्हणणं एवढंच, की हा बिघाड नाही, रिपोर्ट आहे. पुढच्या चौकीवरून रिपोर्ट आला की आधी तो पूर्ण वाचायचा आणि मग हुकूम द्यायचा, ही फौजेतली शिस्त इथंही उपयोगी पडते.

एक सूचना. व्हिडिओत कमांड पडद्यावर इंग्रजी स्पेलिंगसह दिसतात. या पुस्तकात त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप मात्र इंग्रजीतच करायच्या.

मुळात भांडण होतं का?

रूबीत लायब्ररीला ‘जेम’ म्हणतात. आपण ज्यावर ॲप बांधतो ते रेल्स हेसुद्धा एक जेमच. रेल्सला आणखी जेम्स लागतात, त्या जेम्सना आणखी काही. आपण आपल्या यादीत पंधरा नावं लिहिली, तरी प्रत्यक्षात शंभराच्या घरात जेम्स येऊन बसतात. त्यातली बरीच आपण कधी मागितलेलीही नसतात.

आता मुख्य नियम. चालू असलेल्या एका रूबी प्रोग्रॅममध्ये एका जेमचं एकच व्हर्जन राहू शकतं. नोडजेएसमध्ये दोन लायब्रऱ्या एकाच गोष्टीच्या दोन वेगळ्या प्रती आपापल्या फोल्डरात ठेवू शकतात. रूबीत तशी सोय नाही, कारण जेममधल्या क्लासची नावं सगळ्या प्रोग्रॅमला सामाईक असतात. दोन व्हर्जन्स आली, तर दुसरं पहिल्यावर सांडेल आणि कुणाचं काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही.

समजा एकच ट्रक पुढं जाणार आहे आणि त्यात एकाच प्रकारच्या गोळ्या मावतात. एका तुकडीकडे एसएलआर आहे, तिला ७.६२ मिलिमीटर हवी. दुसरीकडे इन्सास आहे, तिला ५.५६ हवी. दोघींची मागणी रास्त आहे, पण एका ट्रकनं ती भागणार नाही. क्वार्टरमास्टरनं ‘जमणार नाही’ असं निघण्याआधीच सांगितलं, तर त्याचे आभार मानायला हवेत. बंडलर हा आपला क्वार्टरमास्टर.

२०१० मध्ये रेल्स ३ सोबत बंडलर रूढ झाला. त्याआधी हा घोळ ॲप चालू करताना, कधी कधी तर चालू झाल्यावर बाहेर पडायचा. रूबी २.६ पासून बंडलर रूबीबरोबरच येतो.

मागणी आणि पावती

बंडलर दोन फाइलींवर काम करतो. ‘जेमफाइल’ हे आपलं मागणीपत्रक, फौजेच्या भाषेत इंडेंट. ‘जेमफाइल डॉट लॉक’ ही मिळालेल्या मालाची पावती. मागणीत ‘रेल्स ७.१ मालिकेतलं काहीही चालेल’ असं मोघम लिहिता येतं. पावतीत मात्र प्रत्येक जेमचा नेमका आकडा असतो. म्हणूनच ही पावती गिटमध्ये ठेवायची असते. ती असली की तुमच्या लॅपटॉपवर, सहकाऱ्याच्या मशीनवर आणि सर्व्हरवर तोच माल उतरतो.

मागणी लिहिताना ‘~>’ हे चिन्ह नीट समजून घ्या. ‘~> ७.१.२’ म्हणजे ७.१.२ पासून वर, पण ७.२ च्या खाली. ‘~> ७.१’ म्हणजे ७.१ पासून वर, पण ८ च्या खाली. शेवटचा आकडा वाढू शकतो, त्याच्या डावीकडचे जागेवर राहतात. एक आकडा जास्त लिहिला की जागा किती आवळते ते बघा. निम्मी भांडणं इथंच जन्माला येतात.

एक खरं उदाहरण

तुमचं ॲप रेल्स ७.० वर आहे. त्यात एक छोटं पान सिनॅट्रामध्ये करायचं आहे. इंटरनेटवरच्या एका धड्यातून तुम्ही जेमफाइलमध्ये ओळ आणलीत: सिनॅट्रा, ‘~> ४.०’. बंडलर नकार देतो. त्याच्या मजकुराचा मराठीत अर्थ असा:

सिनॅट्रा ४ ला रॅक ३ लागतं. रेल्स ७.० ला ॲक्शनपॅक ७.० लागतं. ॲक्शनपॅक ७.० ला रॅक २ लागतं. तुम्ही रेल्स ७.० आणि सिनॅट्रा ४ दोन्ही मागितलंत. म्हणून मार्ग नाही.

रॅक म्हणजे वेब सर्व्हर आणि रूबी ॲप यांच्यामधला दुभाषा. सप्टेंबर २०२२ मध्ये रॅक ३ आलं तेव्हा त्यानं बरंच काही बदललं. सेशन सांभाळण्याचं काम वेगळ्या जेममध्ये गेलं, आणि उत्तरासोबत जाणारी हेडरची नावं छोट्या लिपीतच असली पाहिजेत असा नियम झाला. रॅक २ गृहीत धरून लिहिलेल्या रेल्स ७.० नं ‘मला २ च हवं’ म्हणणं म्हणूनच प्रामाणिकपणाचं आहे. गंमत अशी, की तुमच्या जेमफाइलमध्ये रॅकचं नावही नाही. भांडण तिसऱ्याच घरावरून आहे.

हा मजकूर वाचताना कागदावर तीन प्रश्न लिहा. भांडण कोणत्या जेमवरून आहे? ते कोण कोण मागतंय आणि किती? त्या मागणाऱ्यांपैकी माझ्या हातात कोण आहे? इथं उत्तरं अशी: रॅकवरून. सिनॅट्रा ३ मागतं, ॲक्शनपॅक २ मागतं. माझ्या हातात सिनॅट्रा आणि रेल्स. तोडगा या दोन नावांतच आहे. रॅकशी झटापट करून काही मिळणार नाही.

बंडलर २.४ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, हे कोडं सोडवणारा भाग बदलला. आता वापरली जाणारी ‘पबग्रब’ पद्धत कारणांची साखळी ‘हे असं, म्हणून ते तसं’ अशा वाक्यांत मांडते. तुमच्याकडे जुना बंडलर असेल तर आधी तो बदला. रिपोर्ट निम्म्यानं सोपा होईल.

तोडगे, या क्रमानं

पहिला: नवागताला एक पायरी खाली आणा. सिनॅट्रा ३ ला रॅक २.२ चालतं. मागणी ‘~> ३.०’ केलीत की भांडण मिटलं. सिनॅट्रापुढे आकडा लिहिलाच नसता, तर बंडलरनं स्वतःच ३ निवडलं असतं. जागा ठेवली की बंडलर तडजोड शोधतो. विनाकारण आकडे आवळायचे नाहीत.

दुसरा: वाट अडवणाऱ्याला पुढे न्या. रेल्स ७.१ ला रॅक २.२ ही चालतं आणि ३ ही. काम मोठं आहे. वेगळी ब्रँच काढा, टेस्ट चालवा, रेल्स ७.१ च्या बदलांची यादी वाचा. पण ते टाळू नका. एप्रिल २०२५ पासून रेल्स ७.० ला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. मी सध्या ज्या छोट्या ॲपची देखभाल करतो, त्यात माजी सैनिकांच्या कुटुंबांचे पेन्शनचे आणि बँकेचे तपशील आहेत. व्हर्जन जुळेना म्हणून आपण जुन्यावर बसून राहिलो, तर उघड्या राहिलेल्या दाराची किंमत आपल्याला नाही, त्या माणसांना मोजावी लागते. व्हर्जनचं भांडण ही फक्त प्रोग्रॅमरची डोकेदुखी नाही, ती यासाठी.

तिसरा: गरजच काढून टाका. ते पान रेल्समध्येच लिहिता येईल का? एका पानासाठी अख्खं जेम कशाला?

चौथा, अगदी नाइलाज झाला तर: वाट अडवणाऱ्या जेमची स्वतःची प्रत काढून तिची अट बदलायची. पण मग त्या जेमची जबाबदारी तुमची. सोडून गेलेल्या जेमचं पालकत्व घेण्याआधी दोनदा विचार करा.

आणि काय करायचं नाही? लॉक फाइल उडवायची नाही, आणि पुढे नाव न लिहिता नुसतं ‘बंडल अपडेट’ द्यायचं नाही. दोन्हींत सगळी शंभर जेम्स एकदम हलतात. ॲप पडलं तर शंभर संशयित. नेहमी एकाच जेमचं नाव द्या. त्याला ‘कन्झर्व्हेटिव्ह’ हा पर्याय जोडलात, तर त्याच्यासोबतची सामाईक जेम्सही शक्यतो जागेवर राहतात.

बंडलर ‘हो’ म्हणतो, तरी ॲप पडतं

आकडा हे वचन आहे, हमी नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘कॉन्करंट-रूबी’ या जेमचं १.३.५ व्हर्जन आलं. शेवटचा आकडा एकानं वाढलेला, म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पण ते घेताच रेल्स ७.० आणि त्याआधीची कित्येक ॲप्स सुरूच होईनात. ‘लॉगर’ सापडत नाही, अशी तक्रार. कारण असं होतं, की जुनं रेल्स लॉगर वापरत होतं, पण तो स्वतः मागवत नव्हतं. कॉन्करंट-रूबी तो आणायचं आणि रेल्सचं त्यावर भागायचं. त्यानं आणणं थांबवलं आणि शेजाऱ्याच्या शिदोरीवर चाललेला प्रवास अडला.

तोडगे दोन होते. जेमफाइलमध्ये कॉन्करंट-रूबी १.३.४ वर थांबवायचं, किंवा रेल्सच्या आधी लॉगर स्वतः मागवायचा. पहिला वापरलात तर त्याच ओळीच्या वर कारण आणि तारीख लिहा: ‘रेल्स ७.१ वर गेल्यावर ही अट काढणे.’ कारण न लिहिलेली अट दोन वर्षांनी नव्या माणसाला कोडं घालते. तो ती काढायला घाबरतो आणि पुढचं भांडण तिथूनच सुरू होतं. ज्यांनी लॉक फाइल गिटमध्ये ठेवली होती आणि हलवली नव्हती, त्यांना त्या दिवशी काहीच झालं नाही.

मालच गायब झाला तर

पावती असली तरी कोठारात माल हवा. मार्च २०२१ मध्ये ‘माइममॅजिक’ या जेमची जुनी व्हर्जन्स परवान्याच्या प्रश्नामुळे त्याच्या लेखकानं मागे घेतली. रेल्स ५.२ आणि ६ मालिकेतली ॲप्स त्यावर आडून अवलंबून होती. कुणी काहीही बदललं नसताना ‘बंडल इन्स्टॉल’ नकार देऊ लागलं, कारण लॉकमध्ये लिहिलेलं व्हर्जन जगातच उरलं नव्हतं. रेल्सनं लगेच सुधारित व्हर्जन्स काढली. पण धडा लक्षात ठेवा. महत्त्वाच्या ॲपसाठी ‘बंडल कॅश’ कमांडनं सगळ्या जेम्सच्या प्रती स्वतःजवळ ठेवता येतात. राखीव साठा म्हणा ना.

तीन किरकोळ तक्रारी

‘हे व्हर्जन आधीच चालू झालं आहे, जेमफाइलला दुसरं हवं आहे’ असा मजकूर आला, तर मशीनवर एका जेमची अनेक व्हर्जन्स आहेत आणि कमांडनं चुकीचं उचललं आहे. कमांडच्या आधी ‘बंडल एक्झेक’ लावा.

तुम्ही मॅकवर काम करता आणि सर्व्हर लिनक्सचा आहे. नोकोगिरीसारखी जेम्स प्रत्येक प्रकारच्या मशीनसाठी वेगळी बांधलेली असतात. लॉक फाइलमध्ये ‘प्लॅटफॉर्म्स’ या मथळ्याखाली लिनक्सचं नाव नसेल तर सर्व्हर अडतो. ‘बंडल लॉक’ कमांडला ‘ॲड-प्लॅटफॉर्म’ पर्याय देऊन ते नाव जोडा.

आणि गिटमध्ये दोघांच्या लॉक फाइली एकमेकींवर आदळल्या, तर त्या हातानं शिवत बसू नका. आधी जेमफाइल दोघांच्या संमतीनं नीट करा, लॉक फाइल मुख्य ब्रँचवरची घ्या आणि ‘बंडल इन्स्टॉल’ चालवा. पावती क्वार्टरमास्टरलाच लिहू द्या.

गृहपाठ

या आठवड्यात आपल्या ॲपवर ‘बंडल आउटडेटेड’ चालवा. काय काय मागे राहिलं आहे त्याची यादी येईल. घाबरू नका. त्यातलं एकच जेम निवडा, पुढे न्या, टेस्ट चालवा, गिटमध्ये नोंद करा. पुढच्या आठवड्यात दुसरं. रोज रायफल साफ करणाऱ्याची रायफल ऐनवेळी अडकत नाही, आणि दर आठवड्याला एक पाऊल पुढे गेलेल्या ॲपला दोन वर्षांनी दरी ओलांडावी लागत नाही.

पुढच्या भागात रेल्स ७.० वरून ७.१ वर प्रत्यक्ष जाऊ. तोवर जय हिंद.