विश्लेषण : ऑटिझमवरील माहिती खरी की फसवी, कसे ओळखावे?

मूल अडीच वर्षांचे झाले तरी हाकेला ओ देत नाही, बोलत नाही, म्हणून पालक मोबाइलवर उत्तर शोधू लागतात. ‘ऑटिझम पूर्ण बरा’, ‘तीन महिन्यांत बोलू लागेल’ असे व्हिडीओ लगेच समोर येतात. यातले खरे किती?

ऑटिझम ‘बरा’ होतो का?

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हा मेंदूच्या विकासातील फरक असून तो आयुष्यभर सोबत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात साधारण १२७ व्यक्तींमागे एक ऑटिस्टिक आहे. वाचाउपचार, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण यांमुळे संवाद आणि रोजची कामे सोपी होऊ शकतात. मात्र प्रत्येक मुलाची गती वेगळी असते. त्यामुळे ‘हमखास’ आणि ‘इतक्या दिवसांत’ हे शब्द दिसले की तिथेच सावध व्हावे.

धोका केवळ पैशांचा आहे का?

नाही. शरीरातील धातू काढण्याच्या ‘किलेशन’ उपचारादरम्यान २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचा मृत्यू झाला. ‘मिरॅकल मिनरल सोल्युशन’ नावाने विकले जाणारे द्रावण म्हणजे प्रत्यक्षात ब्लीच असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिला आहे. आपल्याकडे ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

लशीमुळे ऑटिझम होतो का?

हा दावा १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मधील अवघ्या १२ मुलांवरील लेखातून पसरला. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याचे प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांची ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१९ च्या अभ्यासात गोवराच्या एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध आढळला नाही.

सांगणाऱ्याची पारख कशी करावी?

विशेष शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक निःसंकोच मागावा. माहिती देणाराच औषध, पावडर किंवा पॅकेज विकतो आहे का, हे पाहावे. ‘आमच्या मुलाला गुण आला’ हा एखाद्या कुटुंबाचा प्रामाणिक अनुभव असू शकतो, पण तो पुरावा नव्हे. मूल वाढते तसे काही बदल आपोआपही होतात.

भाषेवरून काय कळते?

‘ऑटिझमग्रस्त’, ‘बिचारा’, ‘घरावरचे संकट’ असे शब्द वापरणारे मुलाला समजून घेण्यापेक्षा पालकांच्या भीतीवर जाहिरात करत असण्याची शक्यता अधिक. आईच्या थंड वागण्यामुळे मूल असे होते, हा गेल्या शतकातील सिद्धांत केव्हाच खोटा ठरला. तरीही आईला दोष देणारे सल्ले आजही फिरतात. रडणाऱ्या, गोंधळलेल्या मुलाचा व्हिडीओ ‘उपचारापूर्वी’ म्हणून दाखवणे हा त्याच्या खासगीपणाचा भंगच. चांगल्या माहितीत ऑटिस्टिक प्रौढांचे म्हणणे असते आणि मूल असे का वागते, याचाही विचार असतो. स्वतःला ‘ऑटिस्टिक’ म्हणवून घ्यायचे की ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मदत कुठे मिळेल?

विकासातील विलंबाच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. निदानाची वाट पाहत असतानाही मुलाशी बोलणे, खेळणे आणि थेरपी सुरू करता येते. त्यासाठी कोणत्याही ‘चमत्काराची’ आगाऊ रक्कम भरावी लागत नाही.